मोटारीच्या पोटातले पाणी

मित्रांनो, मांजरा धरणाच्या फुगवट्यावर कधी आलात आणि एका निळ्या होडीच्या मागच्या फळीला रंग उडालेली, करड्या झाकणाची मोटार लटकलेली दिसली, तर तिला हात करा. ती मीच. मी आठ घोड्यांच्या ताकदीची, पण आता बरीच जुनी झालेली होडीची मोटार आहे. आठ घोडे म्हटले की वाडीतली मुले माझ्या झाकणाखाली वाकून ते घोडे शोधतात. मलाही ते कधी दिसले नाहीत, पण दोरी ओढली की ते धावत येतात एवढे खरे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. खोक्यात भरण्याआधी मला एका टाकीतल्या पाण्यात उभे केले आणि माझी दोरी ओढली. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या अंगातून पाणी फिरले. त्याचे नवल मला आजही वाटते. माझ्या पायाशी एक छोटी जाळी आहे. तिच्यातून मी पाणी वर ओढते, ते माझ्या तापलेल्या अंगाभोवती फिरते आणि मागच्या बाजूने बारीक धार होऊन बाहेर पडते. हवा आणि पेट्रोल यांची वाट मात्र निराळी. ती वरून, कार्बोरेटरच्या तोंडातून पोटात जाते, आणि त्या वाटेवर पाण्याचा टिपूसही चालत नाही. दिवसभर पाण्यात उभे राहायचे आणि पोट कोरडे ठेवायचे, असे माझे जगणे आहे. ज्या माणसांनी हे जुळवून आणले त्यांच्या डोक्यापुढे मी मनातल्या मनात हात जोडते.

पहिली सहा वर्षे मी कोकणातल्या एका बंदरात काढली. समुद्र काय असतो ते मी सांगायला जाऊ नये, मला ते जमणार नाही. पहाटे बंदराबाहेर पडलो की समोर नुसते पाणी असे आणि मला वाटे, एवढे सगळे कापायला आपल्याला एकच पंखा दिला आहे! तरी मी कापत राहिले. खाऱ्या वाऱ्याने माझा रंग खाल्ला. मग मालकाने माझ्या दुप्पट ताकदीचे इंजिन आणले आणि मला फाटक्या जाळ्यांच्या ढिगाखाली ढकलून दिले. दोन वर्षे मला कुणी विचारले नाही. एक दिवस जुने सामान घेणारा व्यापारी आला, त्याने मला ट्रकमध्ये टाकले आणि ड्रायव्हरला सांगितले, "बीडला जायचंय."

बीडला! तिथे उन्हाळ्यात पाण्याचे टँकर फिरतात हे बंदरावरच्या लोकांच्या बोलण्यातून मी ऐकले होते. होडीच्या मोटारीचे तिथे काय काम? आता आपण भंगारात जाणार, अशी मी मनाची तयारी केली. ट्रक घाट चढला, मैलोन्‌मैल काळी राने आणि तुरीची शेते गेली. केजच्या बाजारपेठेत मला उतरवून घेतले ते त्रिंबक नावाच्या एका उंच, सडसडीत माणसाने. त्याने मला खांद्यावर घेतले, जीपच्या टपावर बांधले आणि संध्याकाळी धरणाच्या काठी आणून ठेवले. मी समोर पाहिले आणि माझा विश्वासच बसेना. त्या वर्षी धरण काठोकाठ भरले होते. पलीकडचा काठ रेघेएवढा दिसत होता. जिथे लोक घागरीने पाणी मोजतात, तिथे देवाने हे एवढे पाणी कुठून आणून ओतले, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

त्रिंबक, त्याची बायको विमलबाई आणि त्यांची मुलगी मनिषा फुगवट्याकाठच्या वाडीत राहतात. शेजारच्याच घरात त्रिंबकचा धाकटा भाऊ सोमेश्वर आणि त्याची बायको. पाऊस संपेपर्यंत त्रिंबक मासे धरतो आणि वाडीतल्या माणसांना पलीकडे पोचवतो, कारण सडकेने जायचे तर मोठा वळसा पडतो. पहिल्याच आठवड्यात एकदा पाण्याच्या मधोमध त्याने माझा वेग कमी केला आणि मनिषाला म्हणाला, "आत्ता आपन कुटं हावोत, सांग बरं?"

"धरनात," मनिषा म्हणाली.

"आपल्या रानात हावोत. हितं खाली तुज्या आज्याची ज्वारी असायची. धरन झालं अन् ती पान्याखाली गेली. माजा बाप मला हितंच थांबून दाखवायचा."

मनिषा होडीच्या काठावरून वाकून खाली बघत राहिली. मीही माझ्या परीने पाहिले. हिरवट पाण्यात खोल काहीच दिसत नव्हते. पण ज्या मातीत बैल फिरले तिच्यावरून आपला पंखा फिरतो आहे, या विचाराने मी तिथून हळूच निघाले. तेव्हापासून त्या जागेवर त्रिंबक नेहमीच वेग कमी करतो, आणि मला ते फार आवडते.

माझे कौतुक खूप झाले. वाडीतल्या बायका वाऱ्याच्या दिवशी माझ्या भरवशावर बाजाराला जाऊ लागल्या. वल्ह्याने दीड तास लागे, माझ्यामुळे पंधरा मिनिटांत पलीकडे. "लई गुनाची हाय," असे विमलबाई मला म्हणे, आणि उतरताना माझ्या झाकणावर थाप मारून जाई.

पण दसरा आला की आमची ताटातूट होते. दिवाळीच्या आसपास त्रिंबक आणि विमलबाई ऊस तोडायला कोल्हापूरकडे जातात. शिमग्याच्या तोंडावर परत येतात. चार-साडेचार महिने मनिषा सोमेश्वरच्या घरी राहून शाळा शिकते आणि मीही त्याच घरात, मागच्या कोठीत पडून असते. तेवढा माझा हिवाळ्याचा मुक्काम. आता मित्रांनो, नीट ऐका, कारण मागच्या वर्षी जे घडले ते इथूनच सुरू होते.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते हे तुम्हाला ठाऊक आहे. त्रिंबकने अंगणात पाट मांडला. दोन कोयते धुऊन, पुसून ठेवले. शेजारी विळा, कुऱ्हाड. मग मला आणून उभे केले. आजवर तो माझ्या झाकणालाच कुंकू लावी. त्या वर्षी मासळी भरपूर मिळाली होती, त्याचे मन भरून आले होते. "हिनं आपल्याला वर्सभर सांबाळलं, आज हिला आंगोळ घालू," असे म्हणून त्याने माझे झाकणच काढून बाजूला ठेवले. विमलबाई हापशाच्या पाण्याचे तांबे भरून देत होती आणि तो माझ्या उघड्या अंगावर ओतत होता. एक, दोन, पाच, सात. मुले खिदळत होती. किती प्रेमाने चालले होते म्हणून सांगू! ज्या हातांवर कोयत्याचे घट्टे होते, ते हात माझ्या तारा आणि नळ्यांमधून तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावे तसे फिरत होते. मग त्याने हळद-कुंकू लावले, अक्षता टाकल्या, झेंडूची फुले खोवली. पूजेनंतर हत्यार एकदा चालवून बघायचे असते, म्हणून त्याने माझी दोरीही दोनदा ओढली.

पेट्रोल आधीच काढून ठेवलेले होते, त्यामुळे मी सुरू झाले नाही. पण दोरी ओढली की मी श्वास घेते. त्या दोन श्वासांत कार्बोरेटरच्या तोंडाशी साचलेले पाणी मी पोटात ओढून घेतले. थंडगार पाणी, आणि त्याबरोबर दोन-चार अक्षताही आल्या. मी ओरडणार कुणाला? मला तोंड असते तरी, एवढी माया करणाऱ्या माणसाला ते सांगायचा धीर मला झाला नसता असे वाटते.

त्याच दिवशी त्याने माझ्यावर झाकण बसवले, खताच्या प्लॅस्टिक पोत्यात मला घट्ट गुंडाळले, वरून सुतळी बांधली आणि सोमेश्वरच्या कोठीत नेऊन ठेवले. वारा लागायला फट नव्हती. आतले पाणी आतच राहिले.

सोमेश्वर हा अबोल माणूस. मला ठेवायला कोरडा कोपरा हवा म्हणून त्याने आपल्या हरभऱ्याची पोती उचलून दाराशी आणली. पौषात एकदा अवकाळी पाऊस आला आणि कोठीचा पत्रा गळू लागला, तेव्हा त्याने स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढून माझ्यावर टाकली आणि ओट्यावर कुडकुडत बसला. बाहेरच्या पाण्याचा एक थेंब त्याने माझ्यापर्यंत येऊ दिला नाही. पोटातल्या पाण्याचे त्याला काय माहीत? ते हळूहळू माझे लोखंड चाटत होते आणि मला गंज चढताना कळत होता.

शिमग्याच्या आधी चार दिवस त्रिंबक आणि विमलबाई परत आले. उन्हाने काळवंडलेले, पाचटाने हात कापलेले. घरात पाणी प्यायच्या आधी त्रिंबक मला बघायला आला. पोते सोडले, मला होडीला लावले आणि दोरी ओढली. दोरी हलेना. पुन्हा जोर लावला, तेव्हा कशीबशी अर्धी आली आणि अडकली. त्याने पान्याने माझा एक प्लग काढला. आतून लालसर पाणी भळकन बाहेर आले आणि त्याच्या पायावर सांडले.

तो त्या पाण्याकडे बघतच राहिला.

काठावर बंकट उभा होता, वाडीतला. तो म्हणाला, "संक्रांतीला सोमा होडी घिऊन गेलता की पलीकडं. मी बघितलं."

बंकट खोटे बोलला नव्हता. संक्रांतीचे वाण द्यायला सोमेश्वर बायकोला पलीकडे घेऊन गेला होता, पण वल्ह्याने. मी तेव्हा पोत्यात बांधलेली होते. हे बंकटला दिसले नाही आणि त्रिंबकने विचारले नाही.

"मोटर कावून बुडविली बे?" त्रिंबकने भावाच्या दारात जाऊन विचारले.

"मी हात बी न्हाई लावला, दादा."

"मंग पानी कुठून आलं? आभाळातून? पोटात पानी गेल्याबिगर असं व्हत न्हाई. लावली आसंल नीट न्हाई, पडली पान्यात, अन् गुमान काढून बांधून ठिवली."

"दादा, आईची आन."

"आईला मधी आनू नको!"

सोमेश्वर गप्प झाला. गप्प बसलेला माणूस चोर दिसतो, हे मी त्या दिवशी पाहिले. मग त्रिंबक म्हणाला, "ज्याला एक मोटर सांबाळता येत न्हाई, त्याच्या जिवावर मी लेक कशी ठिवू? औंदा दसऱ्याला मनिषा आमच्या संगं येईल फडात."

मनिषा नववीत होती. पुढचे वर्ष दहावीचे. ऊसतोडीला गेलेल्या पोरी परत शाळेत बसत नाहीत, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. तिने काकाच्या घरातून आपली वह्या-पुस्तके पिशवीत भरून आणली, आईच्या खोलीत एका कोपऱ्यात ठेवली आणि पुढे कित्येक दिवस ती पिशवी उघडलीच नाही.

मित्रांनो, मला सगळे माहीत होते. पाणी कुणी ओतले, किती तांबे ओतले, घोंगडी कुणी पांघरली. आणि माझ्याच्याने एक शब्द निघत नव्हता. एवढी लाचार मी जाळ्यांच्या ढिगाखालीही नव्हते. दोघे भाऊ एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून एकमेकांशी बोलेनासे झाले. होळी पेटली तेव्हा दोघे दोन टोकांना उभे होते.

शेवटी विमलबाईने तोंड उघडले. "भांडून मोटर सुरू व्हनार हाय का? आदी मिस्त्रीला दाखवा. मंग काय बोलायचं ते बोला."

म्हणून केजहून राधाकिशन मिस्त्री आला. तो फवारणीचे पंप दुरुस्त करतो. होडीची मोटार त्याने जन्मात पाहिली नव्हती. माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून तो हसला. "आरं, ही तर फवारनी पंपाची थोरली बहीन हाय. घाबरायचं काम न्हाई." मी मात्र घाबरले होते.

पण काय सांगू तुम्हाला त्या माणसाच्या हातांचे! त्याने काही ठोकले नाही, काही ओढले नाही. आधी माझ्या पोटातले उरलेले पाणी एका पांढऱ्या वाटीत काढले. बोटे त्यात बुडवून चोळली, वास घेतला. मग खाली पंख्यापाशी जाऊन एक छोटा स्क्रू सैल केला आणि गिअरचे ऑइल थेंबभर नखावर घेतले.

"हे बघा," तो त्रिंबकला म्हणाला. "खालच्या सीलातून पानी गेलं असतं तर हे ऑइल ताकावानी पांढरं झालं असतं. हे काळं हाय, चांगलं हाय. म्हंजे पानी खालून न्हाई आलं."

"बुडाली आसंल तर वरून बी जाईल की."

"जाईल. पर धरनातलं पानी गाळ आनतं. बुडालेली मोटर उघडली का चिखल दिसतो, कानाकोपऱ्यात." त्याने माझे झाकण काढले आणि बोट फिरवून दाखवले. "चिखल न्हाई. वाटीतल्या पान्यात बी गंज हाय, गाळ न्हाई. हे हापशाचं पानी वाटतं."

सोमेश्वर आपल्या दारात उभा राहून ऐकत होता. त्याने एक पाऊलही पुढे टाकले नाही.

"पेट्रोलमधून?" त्रिंबकने विचारले. त्याचा आवाज जरा खाली आला होता.

"टाकी रिकामी ठिवली व्हती ना तुमी? मंग त्यातून कसं येईल." राधाकिशनने एकेक वाट अशी बंद करत आणली. कोंबडी पिले झाकते त्या सावधपणाने त्याने माझा कार्बोरेटर दोन्ही हातांत धरून सोडवला आणि उजेडात उलटा केला. तोंडाशी काही तरी चिकटले होते. त्याने काडीने ते टोकरून आपल्या तळहातावर घेतले. तांदळाचे तीन दाणे होते, फुगून कडक झालेले, एकाला अजून कुंकवाचा रंग होता. आतल्या भिंतीला हळदीचा पिवळा पट्टा.

सात तांबे पाण्याचा माग त्या माणसाने तीन दाण्यांवरून काढला होता. मी समुद्र पाहिला आहे, भरलेले धरण पाहिले आहे, पण तो तळहात पाहून मला जे वाटले ते तिथेही वाटले नव्हते.

"पूजा कुनी केलती?" राधाकिशनने सहज विचारले. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

विमलबाईच म्हणाली, "तांबे मी भरून देत व्हते. ओतले ह्यांनी."

"झाकन काढून?"

"झाकन काढून."

"मोटर देव हाय, कबूल," राधाकिशन म्हणाला, "पर देवाच्या बी कुनी नाकात पानी घालत न्हाई." तो एकटाच हसला. त्रिंबकने त्याच्या हातावरचे दाणे आपल्या मुठीत घेतले. त्याने भावाच्या दाराकडे पाहिले तेव्हा सोमेश्वर आत निघून गेला होता.

दोन दिवस माझ्यावर काम चालले. मला उलटे करून पाणी निथळले, प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि ऑइल सोडून मुरत ठेवले, थोडे थोडे फिरवून अडकलेल्या रिंगा मोकळ्या केल्या. कार्बोरेटर धुऊन फुंकला. कॉइल उन्हात वाळवली, नवे प्लग बसवले. "अजून म्हैनाभर राहिली असती तर गेली व्हती," राधाकिशन म्हणाला. तिसऱ्या दिवशी मला होडीला लावले, तेव्हा अर्धी वाडी काठावर जमली होती. दोरी त्रिंबकच्या हातात होती, पण तो ओढेना. तो पाण्यातून बाहेर आला आणि सरळ भावाच्या घराकडे गेला. परत आला तेव्हा सोमेश्वर मागून चालत होता.

"ओढ," त्रिंबकने दोरी पुढे केली.

सोमेश्वरने हात मागे घेतला. "मी हात लावला, अन् न्हाई सुरू झाली, तर पुन्ना म्हनशील सोमानं बुडविली."

सगळ्यांच्या समोर म्हणाला. त्रिंबक सगळ्यांच्या समोर ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "पानी मी घातलं, सोमा. अन् नाव तुजं घेतलं. चुकलं माजं."

थोरला भाऊ धाकट्याला असे म्हणताना त्या काठावर कुणी कधी ऐकले नसावे. बंकट खाली मान घालून वाळू उकरत होता. त्रिंबक पुढे म्हणाला, "दसऱ्यानंतर मोटर तुज्याकडंच राहू दे. अन् मनिषा बी. ठिवशील का?"

"मोटर न्हाई ठेवत मी," सोमेश्वर म्हणाला. "तिला तू ने फडात, डोक्यावर घिऊन. पोरगी ठेवतो."

आधी विमलबाई हसली, मग पदर डोळ्याला लावला. मनिषा काठावरून धावत घरात गेली, आणि आईच्या खोलीतली ती पिशवी उचलून काकाच्या घरी नेऊन ठेवली तेव्हाच बाहेर आली. सोमेश्वरने दोरी धरली. पहिल्या ओढीला मी खोकले, दुसऱ्याला धूर सोडला, तिसऱ्याला माझे आठही घोडे एकदम धावत आले. दोघे भाऊ होडीत बसले, आणि ज्वारीच्या रानावर आलो तेव्हा वेग सोमेश्वरने कमी केला.

आता पुन्हा हिवाळा आहे. औंदाच्या खंडेनवमीला त्रिंबकने मला कोरड्या फडक्याने पुसले, झाकणावर कुंकवाचे एक बोट लावले आणि प्लगच्या भोकातून दोन थेंब ऑइल सोडून हात जोडले. प्लॅस्टिकऐवजी सुती पोते आणले, म्हणजे हवा खेळेल. नाही नाही म्हणणाऱ्या सोमेश्वरने मला कोठीत नेलेच, आणि हरभऱ्याची पोती पुन्हा दाराशी सरकवली. मनिषा संध्याकाळी इथेच बसून दहावीची पुस्तके मोठ्याने वाचते. विज्ञानातले मला थोडेथोडे कळते.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे यंत्र असेल, सायकल असेल, शिलाई मशीन असेल. त्याच्यावर जरूर माया करा, आम्हाला ती कळते. पण आम्हाला काय सोसते ते आधी जाणत्याला विचारा. पाणी काढा, तेल घाला, कोरडे ठेवा. आणि आम्ही कधी बंद पडलो तर माणसाच्या दारात जाऊन ओरडण्याआधी आमचे झाकण काढून आत बघा. आम्हाला बोलता येत नाही, आणि ज्याच्यावर तुम्ही ओरडाल त्यालाही कदाचित येत नसेल.